तिवराची मुळं वर का येतात?

नदीपल्याडची खोली
९ सप्टेंबर २००२

जीजी,

लांबूनच वाकून नमस्कार. "परीक्षेचं कळव, नाहीतर पुढच्या बोटीनं येऊन दारात उभी राहते," असा तुझा निरोप आईनं तुझ्याच आवाजात लिहून पाठवला, म्हणून चहा बाजूला ठेवून आधी लिहायला बसले. येऊ नकोस गं मावशी. प्यापोनच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या म्हटल्यावर आमचे पर्यवेक्षकच बाकावर उभे राहतील.

वनस्पतिशास्त्राचा पेपर झाला. सगळं आलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी आणि आपल्या गावच्या चोचोनं इथे खोलीवर मिळून पाठ केलं होतं, तू शाळेत करून घेतेस तसंच, मोठ्यानं, ताल धरून. खालचे घरमालक वैतागून म्हणाले, "पोरींनो, तुमच्याआधी माझ्या बायकोला पाठ झालं, आता झोपू द्या!"

पण परीक्षा म्हणजे नुसती जत्रा आहे. भातशेतीत आणून टाकलेलं हे विद्यापीठ. यायचं तर बसच्या दाराला लोंबकळत. सत्र अर्ध्या वेळात उरकलं. वर्गात तीनशे डोकी, मागे बसलेल्यांना शिकवणाऱ्या सायामांचा आवाजच पोचत नाही. ग्रंथालयात पुस्तक एक, त्याचीही मधली पानं कुणीतरी फाडून नेलेली. आमच्या सायामा दॉ खिन ऐ त्यांच्या जुन्या टाचणाची एक प्रत देतात, तीच सगळ्यांत फिरते. पेपरही टाचणाशी ताडूनच तपासतात. अर्थ तोच पण शब्द वेगळा असला, तर मार्क गेले. ज्यांना परवडतं ते त्यांच्या घरी शिकवणीला जातात, म्हणजे काय येणार ते आधीच कळतं. त्यांना तरी काय बोलायचं? त्यांच्या पगारात तांदूळसुद्धा महिनाभर पुरत नाही.

मग पोरं जे करायचं ते करतात. एका बाकावर तिघं कोंबलेले, मान वळवायचीही गरज नाही. मुलींच्या संडासात इतकी फाडलेली पानं की पाणीच तुंबलंय. आमच्या पुढची एक तर मांडीवर लिहून आणते आणि लुंगी हळूच वर सारते. पर्यवेक्षक पुरुष असले की बिचारे छताकडे बघत बसतात.

आम्हा दोघींना असलं काही लागत नाही. आमचं डोकंच टाचण झालंय.

तुझी,
साबे

•

प्यापोन
१७ सप्टेंबर

साबे बाळा,

पत्र पोचलं. तुझ्या आईच्या मोहिंगाच्या गाडीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. चार गिऱ्हाईकांनी ऐकलं आणि दोघांनी माशाच्या रश्श्यातल्या शेवयांची वाटी आणखी मागितली, तेव्हा पत्र कामी आलं म्हण.

ती मांडीवाली नि संडासवाली कार्टी, त्यांचं ऐकून मला घाम फुटला. तुझं मात्र ऐकून बरं वाटलं. मी म्हणतेच ना, पाठांतराला मरण नाही. माझ्या वर्गातली पोरं ओरडून पाढे म्हणतात तेव्हा चुकलं तर नदीवरचे नावाडी दुरुस्त करतात. पाठ झालं की ते तुझं, कुणाच्या बापाला चोरता येत नाही.

चोचोला म्हणावं, तिचे बाबा खेकडे घेऊन आले होते. पोरीची खुशाली सांगितली तर माणूस नुसता लाजला. घरात पहिलीच शिकणारी.

खात जा. इतकी बारीक होऊन आलीस तर बोटीतून उतरूच देणार नाही.

जीजी

•

२ ऑक्टोबर

जीजी,

घाबरायचं कारण नाही, आधीच सांगते. आईला सांगू नकोस.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा आणि चोचोचा वनस्पतिशास्त्राचा पेपर बाजूला काढून ठेवलाय. दोन्हींत सारखंच लिहिलंय म्हणे. आम्हाला ऑफिसात बोलावून जबानी लिहून घेतली. मी खरं तेच लिहून दिलं, की आम्ही दोघींनी ते एकत्र बसून उतरवलं. खरं लिहिल्यावर काय होणार आहे? मिटेल आठवड्यात.

इथे पाऊस अजून हटत नाही.

साबे

•

प्यापोन
९ ऑक्टोबर

खिन साबे,

एकत्र बसून उतरवलं! आणि वर तोंड करून लिहितेस, "खरं तेच लिहून दिलं"! जसं काही बक्षीसच मिळणार होतं.

मी पत्र तीनदा वाचलं. वाटलं, अक्षर चुकून दुसऱ्या कुणाचं असेल. अगं, याच तोंडानं सांगत होतीस ना, आम्हाला काही लागत नाही, आमचं डोकंच टाचण? मी गाडीवर उभी राहून गावाला वाचून दाखवलं गं ते! आता तीच गिऱ्हाईकं विचारतात, "मुख्याध्यापिकाबाई, पोरीचं काय म्हणणं?" मी म्हणते, ठीक आहे. नाकानं कांदे सोलणाऱ्या बाईवर अशी वेळ यावी!

कुणाचं सुचलं हे? चोचोचं? का तुझंच? आणि करायचंच होतं तर पेपर सारखा कशाला लिहायचा, एवढीसुद्धा अक्कल नसावी?

आईला सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

दॉ ठिन म्या

•

१५ ऑक्टोबर

जीजी,

तू खाली "जीजी" लिहिलं नाहीस, पूर्ण नाव लिहिलंस. ते पाहून मी अशी रडले, की चोचो घाबरून पाणी घेऊन आली.

आता नीट वाच. "उतरवलं" म्हणजे टाचण उतरवलं! वहीत! सायामांची प्रत आम्हाला फक्त एका दुपारपुरती मिळाली. ती सांगायची आणि मी लिहायची, मग मी सांगायची आणि तिनं लिहायचं. बोटं आखडली. एकत्र बसून उतरवलं, ते हे! तू आयुष्यभर पोरांना "फळ्यावरचं उतरवून घ्या" म्हणत आलीस आणि तुलाच तो शब्द कळला नाही? तुला काय बोलू, आमच्या चौकशीला नेमलेल्या समितीनंही असंच वाचलंय. माझ्या जबानीवर लाल शाईनं लिहिलंय, "कबुली". आता मी कितीही सांगितलं तरी म्हणतात, "मुली, तुझ्याच हातचं आहे."

आणि नुसतं सारखं आहे एवढंच नाही. दोन्ही पेपरांत एक चूक सारखी आहे, त्यावरून पकडलंय. प्रश्न होता, तिवराची मुळं चिखलातून वर का येतात? आम्ही दोघींनी लिहिलं, "भरतीचं पाणी पिण्यासाठी." हसू नकोस. आपल्या खाडीवरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की श्वास घ्यायला येतात, चिखलात हवा नसते म्हणून. चोचो तर त्या मुळांतून खेकडे पकडत वाढली. उतरवतानाच ती म्हणाली होती, "अगं, हे चूक आहे." मी म्हटलं, "टाचणात आहे ना? मग तेच." खरं लिहिलं असतं तर मार्क कापले गेले असते, जीजी. दोघींना माहीत होतं आणि दोघींनी चुकीचं लिहिलं. ही काय चोरी आहे?

खरे चोर सगळे सुटले. घाईत कुणाची ओळ गळते, कुणाचा शब्द, म्हणून त्यांचे पेपर एकमेकांशी जुळत नाहीत. जुळले ते फक्त आमचे, कारण आम्हाला सगळं येत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती ही.

चोरी ठरली तर तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. तीन वर्षांनी चोचोला कोण परत पाठवणार आहे? तिच्या बाबांनी होडी एकट्यानं वल्हवून तिला इथवर आणलंय. ती जेवत नाही. मी दोघींसाठी लढणार आहे, एवढं सांगून ठेवते.

दॉ खिन ऐ समितीत बसतात. टाचण त्यांचं, चूक त्यांच्या टाचणातली, आणि त्या खाली बघत बसतात. पुढच्या वेळी मी सगळ्यांसमोर विचारणार आहे.

तुझीच (आहे ना?),
साबे

•

प्यापोन
२४ ऑक्टोबर

साबे बाळा,

आहेस. वेड्यासारखं काय विचारतेस?

शब्दाचं कळलं. माणसाला घाईत एखादा शब्द उलटा लागतो, त्यात एवढं काही नाही.

पण सायामांना सगळ्यांसमोर विचारणार, हे पुन्हा लिहू नकोस, मनातसुद्धा आणू नकोस. बुद्ध, धम्म, संघ, आईबाप आणि गुरू, पाचांपुढे सारखेच हात जोडून वाकतो आपण. गुरू चुकला तरी शिष्यानं भर सभेत त्याचा पदर ओढायचा नसतो. तू जिंकलीस तरी हे गाव तुला तोंडावर काही म्हणणार नाही आणि मागे सगळं म्हणेल.

वर्षावास संपला. आता रिवाजाप्रमाणे गुरुजनांना वंदन करायचे दिवस. तू गप्प राहा आणि अभ्यास कर. जे करायचं ते मोठ्या माणसांना करू दे.

आईला सांगितलं. रडली, मग मासे साफ करायला बसली.

जीजी

•

२ नोव्हेंबर

जीजी,

मोठ्या माणसांनी काय केलं ते आज कळलं.

दॉ खिन ऐंनी मला घरी बोलावलं. खोलीत शिकवणीची पोरं दाटीवाटीनं बसलेली, भिंतीला टेकून आमच्या पेपरांचे गठ्ठे. मला स्वयंपाकघरात नेलं. तिथे आपली वेताची टोपली! सुक्या कोळंबीची, तुझ्या हातच्या गाठीनं बांधलेली. मी ती गाठ कुठेही ओळखेन.

म्हणाल्या, "तुझी मावशी फार रीतीची बाई आहे. एवढ्या लांबून वंदन पाठवलं. मला तुझं वाईट व्हायला नकोय, पोरी. चोचोनं मागून तुझं पाहिलं, तुला पत्ता नव्हता, एवढंच लिहून दे. एकीवरच येईल."

मी म्हटलं, "सायामा, पण तुम्हाला माहीत आहे, ते टाचणातलं आहे."

त्या किती वेळ भांडी इकडची तिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीनशे पेपर, त्यावर शिकवणी, त्यावर सासूबाई अंथरुणात. मी पेपर वाचत नाही गं. वाचायला वेळ कुणाला आहे? मी जुळवते. जुळलं की मार्क." जीजी, मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती.

तुझा मात्र नुसता रागच आला. टोपलीतली चिठ्ठी त्यांनीच दाखवली. तू लिहिलंस, "माझ्या मुलीकडे लक्ष असू द्या." माझ्या मुलीकडे! चोचोचं नाव कुठे होतं त्यात? संडासात पानं कोंबणारी पोरं आणि टोपली पाठवणारी मावशी यांत फरक काय, सांग मला! ती बिचारी निदान स्वतःपुरतं करतात.

टोपली परत आणणार होते. पण तोवर कुणीतरी ती तळून सासूबाईंना दिली होती आणि त्या अंथरुणातूनच "फार गोड आहे हो," म्हणत होत्या. तोंडातला घास कसा काढणार?

मी काहीही लिहून दिलेलं नाही. त्याऐवजी समितीला अर्ज दिलाय: आम्हा दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा आणि तोच प्रश्न पुन्हा लिहायला सांगा. जुळलं तर पाठ होतं हे सिद्ध होईल. सायामांचं नाव घ्यावं लागणार नाही, तुझं पाचांचं वंदनही सांभाळलं जाईल. आता तूच सांग, याहून सरळ काय आहे?

साबे

•

प्यापोन
९ नोव्हेंबर

साबे,

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. ती कोळंबी मी गच्चीवर कावळे हाकत वाळवली होती. पोरीचं आयुष्य वाचावं म्हणून मावशीनं टोपली पाठवली, तर मावशी चोर! संडासातल्या कार्ट्यांच्या रांगेत नेऊन बसवलंस मला. वा!

हे लिहून पत्र बंद केलं होतं. पुन्हा उघडलं, म्हणून कागद फाटलाय.

काल चोचोची आई आली होती. खेकड्यांची टोपली घेऊन. जमिनीवर बसली, वर बस म्हटलं तरी बसेना. म्हणाली, "बाई, तुमची वरपर्यंत ओळख आहे. तुमच्या साबेसाठी काही सांगाल तेव्हा आमच्या चोचोचंही एक वाक्य घाला." मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर त्या खेकड्यांकडे बघवेना. शेवटी तिच्याच मागे धाकट्या पुतण्याला पळवलं, टोपली परत देऊन ये म्हणून.

दॉ खिन ऐंना दुसरं पत्र टाकलंय. लिहिलं की कोळंबी हे नुसतं वंदन होतं, त्यात मागणं काही नव्हतं, आणि चिठ्ठीत "माझ्या मुलीकडे" होतं तिथे "माझ्या दोन्ही मुलींकडे" असं वाचावं. पहिलं खोटं आहे. दुसरं आजपासून खरं आहे.

तुझा अर्ज चांगला आहे. लढ. समितीसमोर जाताना केस नीट बांध, गालाला थनाखाचा लेप लाव आणि मान वर ठेव. फक्त सायामांचं नाव तोंडातून काढू नकोस, एवढं म्हाताऱ्या बाईचं ऐक.

जीजी

•

२१ नोव्हेंबर

जीजी,

झालं एकदाचं. बस आणि सगळं सलग वाच, मध्ये ओरडू नकोस.

अर्ज मान्य झाला, कारण बाहेरचे परीक्षक साया ऊ थाऊन शेन म्हणाले, "यात आपलं काय जातंय?" म्हातारे आहेत, कानामागे हात धरून ऐकतात. मला एका खोलीत बसवलं, चोचोला व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला. प्रश्न तोच. मी डोळे मिटले आणि टाचण घडाघडा उतरलं, "भरतीचं पाणी पिण्यासाठी"सकट. स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही. मनात म्हटलं, जिंकलो.

पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि आमचे विभागप्रमुख टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा! जुळत नाही!"

चोचोनं टाचणातला एक शब्द लिहिला नव्हता. तिनं लिहिलं होतं की तिवर चिखलात उभं असतं, चिखलात हवा नसते, म्हणून मुळं नाक वर काढतात. भरती आली की ती झाकली जातात आणि ओहोटीला पुन्हा श्वास घेतात. ओहोटीला त्या मुळांवरून पाय टाकला की झाडाला कसं होत असेल असं लहानपणी वाटायचं, हेही लिहिलं होतं बयेनं!

विभागप्रमुख म्हणाले, "एकीला पाठ आहे, दुसरीला नाही. म्हणजे दुसरीनं पाहून लिहिलं. प्रश्न मिटला."

मी उठून बोलणार होते. पण साया थाऊन शेन यांनी हातानंच थांबवलं आणि चोचोला विचारलं, "मुली, हे आज लिहिलंस ते बरोबर आहे. मग परीक्षेत पाणी पिण्यासाठी असं का लिहिलंस?"

तिला वाटलं, आता गेलोच आहोत तर निदान खरं बोलून जाऊ. म्हणाली, "साया, तेव्हा मार्क होते, म्हणून टाचणातलं लिहिलं. आज मार्क नाहीत. म्हटलं, आज खरं लिहावं."

म्हाताऱ्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "टाचण येतं तुला?"

"येतं."

"म्हण."

आणि तिनं सुरू केलं, जीजी. आपण शाळेत म्हणायचो तशी, हात मागे बांधून, ताल धरून. एक शब्द अडला नाही. मी सगळ्यांकडे पाहत होते. दॉ खिन ऐ खाली बघत होत्या, पण त्यांचे ओठ हलत होते. चोचोबरोबर, शब्दाला शब्द. त्यांना स्वतःलाही कळलं नाही. साया थाऊन शेन यांनी पाहिलं. विभागप्रमुखांनीही पाहिलं. "भरतीचं पाणी पिण्यासाठी" इथे चोचो आली आणि सायामांचे ओठ थांबले.

त्याच मग म्हणाल्या, कुणी न विचारता, "ते पान ओलं झालं होतं, साया. तिथला शब्द गेला होता. मी अंदाजानं भरला. दुसरी प्रत नाहीच कुठे." त्यांचा आवाज लहान मुलीसारखा येत होता. मी त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही, शपथ.

निकाल असा. चोरी नाही. बंदी नाही. पण तो पेपर दोघींचा रद्द, जानेवारीत पुन्हा द्यायचा, कारण काहीतरी शिक्षा नको का, असं विभागप्रमुखांचं म्हणणं पडलं. चोचो तिथेच खाली बसून हसायला लागली, मग रडायला. आम्ही कोपऱ्यावर लाफे, म्हणजे ते चहाच्या पानांचं लोणचं, दोन बशा घेऊन खाल्लं. तिनं दुसरी बशी एकटीनं संपवली, तेव्हा मला खरा धीर आला.

आता मला टोचतंय ते. बाहेर पडताना साया थाऊन शेन यांनी मला विचारलं, "तुलाही माहीत होतं ना, मुळं कशासाठी वर येतात?"

"हो."

"मग आज मार्क नव्हते, तरी तू पुन्हा चुकीचंच का लिहिलंस?"

मी म्हटलं, "सुटायचं होतं, साया." ते नुसतं "हं" म्हणाले आणि छत्री उघडून गेले. जीजी, चोचोला एकदा संधी मिळाली तर तिनं खरं लिहिलं. माझ्या तर ते मनातही आलं नाही. त्या "हं"नं मला झोपू दिलेलं नाही.

साबे

•

१६ फेब्रुवारी २००३

जीजी,

निकाल लागला. आईला तू सांगशील का? मी चार कागद फाडले.

जानेवारीच्या पेपरात तिवराचा प्रश्न पुन्हा आला. त्यांच्याकडे प्रश्नच मोजके, तेच फिरवतात. पेपराआधी मी दॉ खिन ऐंना भेटले. म्हणाल्या, "तपासायचं टाचण तेच आहे गं. एक शब्द बदलायचा तर वरून मंजुरी लागते, कागद पाठवलाय, कधी येईल देव जाणे. यंदा जे आहे तेच लिही." प्रेमानं सांगितलं, खोटं कशाला बोलू.

नापास झालेल्या सगळ्यांबरोबर मी बसले. तेच बाक, तेच तिघं. पुढच्या त्याच मांडीवालीनं लुंगी सारली. आणि मी लिहिलं: श्वास घेण्यासाठी. ते लिहिल्यावर पुढचं टाचणातलं लिहवेना. मग सगळाच पेपर माझ्या शब्दांत लिहिला. तुला सांगते, फार अवघड असतं ते. एकेक वाक्य जुळवायला वेळ लागतो. मध्येच लक्षात येतं की हे आपल्याला कळलेलंच नाही, नुसतं पाठ आहे. घंटा झाली तेव्हा दोन प्रश्न कोरे होते.

मी नापास आहे. त्या पेपरात. पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागेल.

चोचो पास झाली, चांगल्या मार्कांनी. तिनं टाचणातलंच लिहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "आज मार्क होते ना गं." मला तिचा राग नाही. तिच्या बाबांची होडी मी पाहिली आहे. तिला पुढच्या वर्षी कुणी पाठवलं नसतं, मला तुम्ही पाठवाल, म्हणून मला परवडतं. हे लिहायलाही लाज वाटते, पण खरं आहे.

मी पुन्हा बसणार आहे. पुन्हा हेच लिहिणार आहे, फक्त वेळेत. वर्षभर दुसरं काही करणार नाही, एकेक धडा माझ्या तोंडानं सांगता येईपर्यंत सोडणार नाही. तू रागावलीस तर रागाव. पाठवायचं नसेल तर तसं कळव, मी इथेच कुठेतरी काम बघेन आणि बसेन.

साबे

•

प्यापोन
२३ फेब्रुवारी

साबे बाळा,

पाठवायचं नसेल तर म्हणे! कोण काम बघतंय ते बघतेच मी.

रागावले. सुरुवातीला तर भरपूर रागावले. पास होणारी पोरगी हातानं नापास होते, हे कोणत्या मावशीला गिळेल? तुझ्या आईला सांगितलं, ती रडली. मी तिला म्हटलं, रडतेस कशाला, पोरगी तीन वर्षांला जायची ती एका पेपराला गेली.

मग बाजारात सगळ्यांना मीच सांगितलं. माझ्या पोरीच्या नापास होण्याची बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मला आवडत नाही. तुझ्या आईच्या गाडीवर नावाड्यानं विचारलं, "मुख्याध्यापिकाबाई, तुमची साबे नापास? कशानं?" मी म्हटलं, "तिवरं श्वास घेतात असं लिहिलं, म्हणून." तो म्हणाला, "घेतातच की." मी म्हटलं, "तेच तर."

पुढच्या वर्षी तेच लिही. पण मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे वाचलंच नाही असं कुणाला म्हणता यायचं नाही.

जीजी